नानांचा होकार

“अगं, वाटण गुळगुळीत करू नकोस! जरा भरड राहू दे. खोबरं कुठलं आणि खसखस कुठली, हे जिभेला कळायला नको का?”

हा आवाज गच्चीवरून यायचा. काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीतलं ते उभट, चिंचोळं घर. स्वयंपाकघर तळाला आणि गच्ची तिसऱ्या मजल्यावर, पण नानांना सूचना द्यायला जिना कधी उतरावा लागला नाही. मधल्या चौकातून त्यांचा आवाज विहिरीत पोहरा सोडावा तसा सरळ खाली यायचा. शेजारचे मिसिरजी खिडकीतून डोकं काढून विचारायचे, “का हो मास्टरसाहब, आज का बनत बा?” आणि नाना त्यांनाही वरूनच जेवायचं आवतण देऊन मोकळे. खाली नानांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई कपाळाला हात लावायच्या आणि पातेल्यात आणखी मूठभर तांदूळ टाकायच्या.

आता वाटण कसंही झालं तरी चालत होतं. परवा तर आमटीत मीठच पडलं नव्हतं. नानांनी वाटी रिकामी केली, पाणी प्यायले आणि भिंतीकडे बघत बसले. सुनेनं, नीरजानं, पहिला घास घेतला तेव्हा कुठं घरात कळलं.

“आई, नमक!” ती म्हणाली. “नाना, तुम्ही कसं काय खाल्लंत हे?”

“हं,” नाना म्हणाले.

ढुंढिराज तारे हे नानांचं पूर्ण नाव. जन्म काशीतला, आजोबांचा जन्मही काशीतलाच. मूळचं कोकण कुणी पाहिलेलं नव्हतं, पण आमटीतला गूळ आणि बोलण्यातला टोमणा दोन्ही पिढ्यान् पिढ्या टिकून होते. शाळेत गणित शिकवत. बीजगणितापेक्षा त्यांच्या वर्गातले विनोद पोरांच्या जास्त लक्षात राहिले. मग निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या सुरू झाल्या. घरातल्यांनी मनाची समजूत घातली, की हात हलेल, पाय अडखळतील, जिना सांभाळून चढवावा लागेल. कंपवात म्हणजे हातापायांचं दुखणं, असंच सगळे धरून चालले होते.

पण हळूहळू नानांमधलं दुसरंच काहीतरी निघून चाललं. आधी वास येईनासा झाला. मग जेवणावरची वासना गेली. गणेशोत्सवात ज्यांना हाताला धरून बाजूला न्यावं लागे, इतका वेळ जे कार्यकर्त्यांशी भांडत, ते यंदा खुर्चीवर बसवले तसे बसून राहिले. हसणं गेलं, चिडणं गेलं. चेहरा असा झाला, की आत दिवा लावलाय की नाही ते बाहेरून कळू नये.

आणि तो हात! अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर सारखी फिरायची, अगदी माळेचा मणी ओढावा तशी. गल्लीतल्या बायका दारातून बघायच्या आणि पदर सावरून नमस्कार करायच्या. “नाना त सिद्ध हो गइलन,” मिसिरजींची बायको, मिसिराईन, म्हणाली. “बिना माला के जप चलत बा.”

दुसऱ्या कुठल्या गावात लोक म्हणाले असते, मास्तर खचले. काशीत म्हणाले, मास्तरांना वैराग्य आलं.

अन्नपूर्णाबाईंनीही तेच धरलं. बाई मुळातच देवभोळ्या. पहाटे पंचगंगा घाटावर गंगास्नान, बिंदुमाधवाचं दर्शन, तुळशीला पाणी, माळ आणि चातुर्मासात रोज हाताने वळलेल्या वाती. आवाज इतका हळू, की भाजीवाला दोनदा विचारी, “का कहत हईं, अम्मा?” नाना चिडवायचे, “हिची प्रार्थना देवाला ऐकू जाते, कारण त्याला ऐकायचं ठाऊक आहे. भाजीवाल्याचं काय!”

पण वैराग्य मानण्यामागे भक्तीहून निराळं एक कारण होतं आणि ते त्यांनी देवापुढंही उच्चारलं नव्हतं. गेल्या माघात त्यांची धाकटी बहीण सीता ग्वाल्हेरला वारली. फोन आला तेव्हा त्या नानांच्या शेजारीच बसल्या होत्या. त्या रडल्या. नाना बघत राहिले. डोळ्यांत पाणी नाही, पाठीवर हात नाही, “अगं” असा एक शब्द नाही. सीतेला तर ते ‘माझी वकील’ म्हणायचे, आणि नवराबायकोच्या प्रत्येक भांडणात तिला पत्र धाडायचे. त्या दिवसापासून अन्नपूर्णाबाईंच्या मनात एक काटा रुतून बसला, की ह्यांचं मन आपल्यावरून उडालंय. मग लोक वैराग्य म्हणाले आणि त्यांना उभं राहायला जागा मिळाली. नवरा आपल्याला विटला, यापेक्षा तो देवाकडे वळला, हे सोसायला सोपं असतं.

म्हणूनच भाद्रपद सरता सरता रत्नाकर आला, तेव्हा त्या नाही म्हणू शकल्या नाहीत.

रत्नाकर हा नानांचा चुलतभाऊ, चार गल्ल्या पलीकडे राहणारा, पौरोहित्य करणारा. मोठा प्रेमळ आणि मोठा उत्साही माणूस. कुणाच्या घरी मंगलकार्य नसलं तर तो स्वतः शोधून काढी.

“वहिनी, स्वामीजींशी बोललो मी,” पाटावर बसता बसता त्यानं सांगितलं. “प्रबोधिनी एकादशीचा दिवस उत्तम आहे म्हणतात. नानाला संन्यास द्यायचा.”

“संन्यास?”

“आजारात, उतारवयात घेतातच की. पणजोबांनी घेतला होता. आपल्या कुळात त्यानंतर हाच. मठात राहील, सेवेला शिष्य आहेत. तुम्हीसुद्धा किती दिवस जिना चढवणार त्याला?”

“काका, संन्यास म्हणजे घर सोडून?” नीरजानं चहा ठेवता ठेवता विचारलं.

“घर, नाव, नातं, चूल, सगळंच. मग तो कुणाचा नवरा नाही, कुणाचा बाप नाही.”

“आणि पेन्शन कुणाची?” नीरजा म्हणाली.

“सूनबाई, तुझी जीभ म्हणजे कचौरीवाल्याची कढई! काही टाकायचा अवकाश, तळून काढतेस.” रत्नाकर हसला आणि नानांकडे वळला. “काय नाना? घ्यायचा ना संन्यास?”

“हं,” नाना म्हणाले.

“बघा!” रत्नाकरच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. “किती सहज! आम्ही एक विड्याचं पान सोडू शकत नाही. आणि वहिनी, परवा तुम्हीच सांगत होतात ना, त्याला गच्चीच्या कठड्यापाशी ओल्या साडीतली बाई दिसते म्हणून? कोण असेल ती? गंगामाई दर्शन देतेय त्याला. आता बायकोची संमती लागते. तुमची असली म्हणजे झालं.”

अन्नपूर्णाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. बोटं फिरत होती. देवाच्या वाटेवर निघालेल्याला मागे ओढणं हे पाप, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या.

“असू दे,” त्या म्हणाल्या. इतकं हळू, की रत्नाकरनं पुन्हा विचारलं.

नंतरचे दिवस विचित्र गेले. रत्नाकरनं भगवं कापड आणून दिलं, ते धुऊन ठेवलं गेलं. गल्लीतले लोक नानांच्या पाया पडायला लागले. बायकांत कुजबुज सुरू झाली, की आता वहिनींनी कुंकू लावायचं की नाही. आणि अन्नपूर्णाबाईंना रोज, काही कारण नसताना, जुन्या गोष्टी आठवायला लागल्या.

थंडीत गंगेचं पाणी उतरलं, की पलीकडच्या वाळूवर जेवण करायला जायची बनारसची जुनी रीत. त्या लग्न होऊन आल्या त्या वर्षीची गोष्ट. नाव माणसांनी आणि सामानानं भरलेली, सासूबाई, चुलतसासरे, नानांचे मित्र, गोवऱ्या, वांगी, कणकेचा डबा. ग्वाल्हेरच्या मुलीनं एवढी नदी कधी पाहिली नव्हती. वाळूवर उतरल्यावर नाना धोतर खोचून बसले, गोवऱ्या पेटवल्या, बाट्या भाजल्या, वांगी भाजून हातानंच चुरली. डोळ्यांतून धुरानं पाणी आणि तोंडानं अखंड बडबड. आणि पहिलं पान त्यांनी वाढलं ते नव्या नवरीला, सगळ्या वडीलधाऱ्यांच्या देखत. चुलतसासरे गरजले, “ढुंढ्या, लाज आहे का?”

“काका, काशीत अन्नपूर्णेच्या दारी महादेव हात पसरतो,” नाना म्हणाले होते. “रोज तीच वाढते. एक दिवस त्यानं वाढलं तर काय बिघडलं?”

नावाडीसुद्धा हसला होता. त्यांना मात्र घास गिळवेना, इतकी लाज आणि इतका आनंद. ते भरीत जरासं खारट होतं. हे त्यांनी आजवर नानांना सांगितलेलं नव्हतं.

आश्विन लागला तेव्हा दवाखान्याची तारीख आली. विद्यापीठाच्या बाजूला एका डॉक्टरीणबाईंकडे नानांना दाखवत. नेहमी मुलगा विश्वजीत नेई. त्याची बदली लखनौला झालेली, म्हणून या खेपेला सासूसुना घेऊन गेल्या. तपासणी झाली, गोळ्यांचं बोलणं झालं आणि उठता उठता अन्नपूर्णाबाईंनी सांगितलं, थोड्या अभिमानानं आणि बऱ्याचशा दुःखानं, की पुढच्या महिन्यापासून हे मठात असतील.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. सगळं विचारून घेतलं. जेवणाचं, हसण्याचं, गच्चीवरच्या बाईचं. मग खुर्ची पुढे ओढून नानांना म्हणाल्या, “मास्टरसाहब, संन्यास लेंगे आप?”

“हं.”

“अच्छा. मेरे साथ अभी कलकत्ता चलेंगे?”

“हं.”

“और आज से खाना बंद कर दें?”

“हं.”

नीरजाच्या तोंडून हसू फुटलं आणि अर्ध्यावरच विझलं. अन्नपूर्णाबाई उठता उठता पुन्हा खुर्चीत बसल्या.

बाई मग सावकाश समजावत गेल्या. हा याच आजाराचा भाग आहे. मेंदूतलं जे रसायन पाऊल उचलायला लागतं, तेच इच्छा उचलायलाही लागतं. हे उंबऱ्यापाशी अडतात ना? पाय आहेत, ताकद आहे, पण पहिलं पाऊल पडत नाही. इच्छेचंही तसंच. आत असते, पण दाराबाहेर यायला तिला फार वेळ लागतो. विचारही सावकाश चालतो. विचारलं की ‘हं’ येतं, कारण ते सगळ्यात सोपं असतं. खरं उत्तर त्याच्या मागून येतं, आणि तोवर विचारणारा उठून गेलेला असतो. चेहऱ्याचे स्नायू हलत नाहीत, म्हणून माणूस कोरडा वाटतो. ती गच्चीवरची बाईसुद्धा आजारानं किंवा गोळ्यांनी होणारा भास असणार. त्यांनी एक गोळी कमी केली, उदासीपणासाठी एक नवी सुरू केली. बाई दिसते म्हणाले तर नानांशी वाद घालू नका, म्हणाल्या, उजेड करा आणि जवळ बसा. एका वेळी एकच प्रश्न विचारा. आणि थांबा.

“थांबा म्हणजे किती?” नीरजानं विचारलं.

“जितना वो लें.”

परतताना ई-रिक्षात अन्नपूर्णाबाई गोळ्यांची पिशवी मांडीवर धरून बसल्या. आनंद झाला म्हणावं तर झाला नव्हता. वैराग्याच्या आधारावर त्यांनी इतके महिने काढले होते, आणि तो आधारच कुणी तरी काढून घेतला होता. मैदागिनच्या चौकात उतरून गल्लीत शिरताना त्यांनी नानांचा दंड धरला. देवा, मनात त्या म्हणाल्या, तुझ्याकडे येणारा म्हणून मी ह्यांना तुझ्या हवाली करायला निघाले होते. ह्यांना कुणी विचारलंच नव्हतं रे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन गच्चीवर पसरल्यावर, त्या कापूस घेऊन नानांच्या समोर बसल्या. खालून बिंदुमाधवाच्या देवळातली घंटा ऐकू येत होती. पलीकडच्या कठड्यावर एक माकडीण पिल्लाच्या उवा काढत होती.

“अहो, एक विचारू?”

“हं.”

“तुम्हाला संन्यास घ्यायचाय?”

“हं.”

एरवी इथं त्या उठल्या असत्या. आज उठल्या नाहीत. कापसाची एक वात वळली, दुसरी वळली. दुसरा प्रश्न जिभेच्या टोकावर येत होता, तो परत गिळला. नाना समोर बघत होते. बोटं फिरत होती. वातींची लहानशी रास झाली. खाली कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या. त्यांच्या मनात आलं, डॉक्टरीणबाई चुकल्या असतील. आत खरंच काही नसेल.

“कुणाला?” नाना म्हणाले.

त्यांच्या हातातली वात तिथंच राहिली. “तुम्हाला,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा थांबल्या.

“मठात...” आवाज पुटपुटल्यासारखा, शब्द एकेक करून जिना उतरावा तसा. “मठात... भात... कच्चा असतो.”

अन्नपूर्णाबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. हसू नव्हतं. ओठाची कडसुद्धा हलली नव्हती. पण हे बोलणं कुणाचं आहे, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या हसल्या, आणि हसता हसता अशा रडायला लागल्या, की माकडीण पिल्लू उचलून पळाली आणि नीरजा धावत वर आली.

“क्या हुआ? आई? नाना पडले का?”

“काही नाही गं. जा तू. जा खाली.”

नीरजा जिन्याच्या तोंडाशीच उभी राहिली.

“नको ना?” अन्नपूर्णाबाईंनी एवढंच विचारलं. या वेळी थांबणं त्यांना जड गेलं नाही.

“नको.” मग बऱ्याच वेळानं, कुणी न विचारता, “सीता गेली... तेव्हा... रडायचं होतं मला. आलंच नाही बाहेर.”

त्यांनी नानांचा तो फिरणारा हात दोन्ही हातांत धरला. तो त्यांच्या ओंजळीतही फिरत राहिला, धरलेल्या पाखरासारखा. इतके महिने रुतलेला काटा निघाला होता आणि त्या जागेवर आता नुसती हळहळ होती, की हा माणूस आत एकटा बसून राहिला आणि आपण दाराशी लोकांचे नमस्कार घेत राहिलो.

“तू... हो म्हणालीस,” नाना म्हणाले.

त्यात राग होता का, विचारणं होतं का, चेहऱ्यावरून काही कळेना. अन्नपूर्णाबाईंनी ते दोन्ही समजून घेतलं.

“म्हणाले. तुमच्या ‘हं’वर म्हणाले. जन्मभर व्रतं केली मी, आणि एवढं कळलं नाही मला. संकल्प ज्याचा त्यानंच सोडायचा असतो. बायकोनं सोडलेल्या पाण्यानं नवऱ्याचा उपास होत नाही, मग संन्यास कसा होईल?”

त्या उठल्या. तुळशीपुढच्या तांब्यातलं पाणी तळहातावर घेतलं. मागे नीरजा आहे याचं त्यांना भान राहिलं नव्हतं.

“आजपासून तुमचं उत्तर ऐकल्याशिवाय तुमच्या वतीनं मी कुणाला होकार देणार नाही. ना देवाच्या माणसाला, ना घरच्या. आणि रत्नाकरभाऊजींना मी स्वतः जाऊन सांगेन. आज.”

पाणी तुळशीत सोडलं. नाना बघत होते. पुन्हा तोच लांबलचक वेळ गेला.

“तुझा आवाज...” ते म्हणाले, “त्याला... ऐकू जाईल?”

“जाईपर्यंत सांगेन,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “आणि आता तुम्ही टोमणे मारायला लागलात, म्हणजे गोळी लागू पडली म्हणायची.”

“कालच तर सुरू झालीय, आई,” नीरजा मागून म्हणाली. नाक लाल झालं होतं तिचं. “काकांना मी फोन करू? नाहीतर व्हॉट्सॲप टाकते. तुम्ही कशाला जाताय? ते तुम्हाला शास्त्र सांगत बसतील. धर्माच्या आड येऊ नका, कुळाचं नाव, पणजोबा...”

“सांगतील. ऐकेन मी.”

“आणि स्वामीजी रागावले तर?”

त्यांची भीती तीच होती. भगवी वस्त्रं दिसली की जिचं मस्तक आपोआप लवतं, तिनं मठात निरोप पाठवायचा, की आमच्या घरचा माणूस येत नाही. गल्ली काय म्हणेल, तेही दिसत होतं. काल पाया पडणारे उद्या म्हणतील, बाईनं मोहापायी नवऱ्याचा मोक्ष अडवला. मिसिराईन तर पहिली म्हणेल.

“रागावले तर पाया पडेन,” त्या म्हणाल्या. “पण हो म्हणणार नाही.”

दुपारी त्यांनी नानांना वाढलं. समोर बसून, घाई न करता, एकेक घास संपेपर्यंत. भात झाल्यावर ताक हवं का विचारलं. “हं” आलं. त्या थांबल्या. मागाहून “नको” आलं, तेव्हा ताकाची वाटी उचलून बाजूला ठेवली. नीरजा हे सगळं बघत होती. तिनं आपल्या ताटाजवळचा मोबाइल उलटा करून ठेवला.

मग त्यांनी हात धुतले, लुगडं नीट केलं, आरशात बघून कुंकू पुन्हा रेखलं. भगव्या कापडाची घडी कोनाड्यातून काढून काखेत घेतली. ज्यानं आणलं त्याला परत द्यायची.

“संध्याकाळी गच्चीवर ती बाई दिसली तर दिवा लाव आणि जवळ बस,” नीरजाला त्यांनी सांगितलं. “नाही नाही म्हणत बसू नकोस.”

“सांभाळून जा. सायकली, मोटरसायकली, साऱ्या गल्लीत...”

“हो गं.”

भर उन्हाची वेळ. दुकानांच्या फळ्यांवर माणसं पेंगत होती. कुणाच्या तरी घरातून जिलबीच्या पाकाचा वास येत होता. वाटेत आडव्या बसलेल्या गाईच्या पाठीवर हात ठेवून त्या भिंतीकडून पलीकडे गेल्या. मिसिराईननं दारातून विचारलं, “कहाँ जात हईं, अम्मा, ई घामे में?”

“रत्नाकरांकडे,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या आणि पुढे चालत राहिल्या.